बाटली, सोलर की मुरघास? दुष्काळी पट्ट्यातल्या एका छोट्या डेअरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर आहे आणि दुसऱ्या टोकाला माण-खटाव. एकीकडे पावसाळ्यात ऊन दिसत नाही, दुसरीकडे वळवाच्या एका सरीची वाट बघत उन्हाळा सरतो. हे प्रकरण त्या दुसऱ्या टोकाचं. डेअरीचं नाव-गाव बाजूला ठेवलं आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत आणि डेअरीचे आकडे ढोबळच दिले आहेत.

डेअरी दोन भावांची. वडील सायकलवरून रतीब घालायचे. मुलांनी संकलन वाढवलं, दोन हजार लिटरचा बल्क कूलर (दूध थंड करायची मोठी टाकी) बसवला, पाउच भरायचं यंत्र आणलं. दोन्ही वेळचं मिळून अठराशे ते दोन हजार लिटर गाईचं दूध सहा गावांतल्या दीडेकशे घरांतून येतं. बहुतेक घरांत एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकराच्या दोन-तीन गाई. अर्ध्या दुधाचे पाउच, दही आणि पनीर तालुक्याच्या गावी आणि पुण्याच्या उपनगरांत जातं. उरलेलं दूध टँकरने एका मोठ्या डेअरीला. उत्पादकांचा पगार दर दहा दिवसांनी, त्यातून पेंडीची उचल, म्हणजे आगाऊ नेलेल्या पेंडीचे पैसे, वळती. या भागात दुधाच्या पैशाला पगारच म्हणतात, कारण बऱ्याच घरांत महिन्याकाठी हाती येणारं दुसरं पक्कं उत्पन्न नसतं.

धाकट्या भावाच्या मनात डेअरी ‘पर्यावरणपूरक’ करायची होती. पुण्यातल्या काही ग्राहकांनी काचेच्या बाटलीतून दूध मागितलं होतं. सोलरवाल्याने छत मोजून अंदाजपत्रक दिलं होतं. त्यासाठी बाजूला टाकलेली रक्कम साधारण चार लाखांची होती. ती कुठे घालायची, या प्रश्नावर त्यांनी मला बोलावलं.

अडचण

2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरच्या शेवटी राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्याच सुमारास गाईच्या दुधाचा दर पडला. चारा महाग आणि दूध स्वस्त, असं दोन्हीकडून एकदम आलं. 2024 च्या जानेवारीत लिटरमागे 5 रुपयांचं अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यावर सुरू झालं, त्याने थोडा श्वास मिळाला.

एप्रिल 2024 मध्ये डेअरीसमोर तीन गोष्टी एकत्र आल्या. लांबच्या गावांचं संध्याकाळचं दूध वारंवार नासायला लागलं. कूलरवर आलेल्या कॅनमधलं चमचाभर दूध नळीत उकळलं की गाठी धरायचं, म्हणजे अख्खा कॅन परत. संध्याकाळी वीज गेली की कूलर जनरेटरवर चालायचा आणि डिझेलचं बिल वाढत होतं. तिसरी गोष्ट वरवर वेगळी दिसत होती: फॅट लागत होतं, पण एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) 8.5 टक्क्यांच्या खाली घसरलं होतं. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली प्रत्येक पॉइंटला कपात. डिग्री (दुधाच्या दाटपणाचं माप) कमी लागली की बायका संकलन केंद्रावर मशीनवाल्याशी भांडायच्या. त्यांना वाटायचं मशीन मारतंय.

मशीन बरोबर होतं. गाईंना हिरवा चारा नव्हता. वाळका कडबा, कारखान्याकडून येणारं उसाचं वाढं आणि वर पेंड, एवढ्यावर चाळीस अंशांच्या उन्हात दूध काढलं जात होतं. अशा गाईचं दूध आटतं आणि पातळही होतं. दर कापला गेला की पुढच्या पगाराला घरातून पहिली काटछाट पेंडीची होते आणि डिग्री आणखी उतरते. दोन-तीन पगार असे गेले की गाय बाजारात उभी राहते. त्या एप्रिलमध्ये आमच्यासमोर काही घरांनी दुभत्या गाई विकल्या.

पर्याय कोणते होते

काचेची बाटली पहिल्यांदा बाद झाली, आणि त्याची कारणं सविस्तर सांगायला हवीत, कारण शहरातल्या ग्राहकाला तीच सर्वांत ‘हिरवी’ वाटते. बाटली जड असते. भरलेली पुण्याला जाते आणि रिकामी तेवढाच रस्ता कापून परत येते. आल्यावर ती कॉस्टिक आणि गरम पाण्याने धुवावी लागते. ज्या गावात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याला टँकर येतो तिथे रोज शेकडो बाटल्या धुणं मला पटत नव्हतं. पाच-दहा किलोमीटरच्या परिसरात बाटली उत्तम चालते, दीडशे किलोमीटरवर तिचा हिशेब फिरतो. पाउचच्या बाबतीत नियम आधीच होता: 2018 च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला 50 मायक्रॉनची अट आणि रिकामी पिशवी परत घेण्यासाठी 50 पैशांची तरतूद आहे. ती निदान तालुक्याच्या दुकानांत नीट राबवावी, एवढंच त्या बाबतीत ठरलं.

सोलर हा गंभीर पर्याय होता. कूलरला किती ऊर्जा लागते ते कागदावर मांडलं. हजार लिटर दूध 35 अंशांवरून 4 अंशांवर आणायचं तर साधारण 35 युनिटांइतकी उष्णता काढावी लागते. बऱ्या स्थितीतल्या कॉम्प्रेसरला त्यासाठी 14-15 युनिट वीज पुरते. डिझेल जनरेटर लिटरमागे तीनेक युनिट देतो, म्हणजे वीज नसेल तेव्हा हजार लिटरमागे पाच लिटर डिझेल जळतं. गोम अशी की दूध येतं सकाळी सात-आठला आणि संध्याकाळी सात-आठला, आणि सोलर भरात असतं दुपारी. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत टिकवायला बॅटरी हवी, नाहीतर दिवसा बर्फ साठवणारी टाकी हवी. हजार लिटरसाठी पावणेचारशे किलो बर्फ लागतो. अंदाजपत्रकात यातलं काहीच नव्हतं. नुसते पॅनल बसवून महिन्याचं वीजबिल उतरलं असतं, पण संध्याकाळचा जनरेटर तसाच धडधडत राहिला असता.

थोरल्या भावाचा पर्याय सरळ होता: लांबची दोन गावं सोडून द्यायची. तिथलंच दूध नासतं, तिथेच डिझेल जातं. धंद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य होतं. पण त्या दोन गावांत दुसरा कुणी दूध घेणारा फारसा नव्हता. एकदा गाई गेल्या की पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी दूध परत येत नाही, कारण गाय पुन्हा उभी करायला कालवडीपासून अडीच-तीन वर्षं जातात.

चौथा पर्याय चाऱ्याचा. पावसाळी मका चिकात असताना कापून मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, करायचा आणि तो फेब्रुवारीपासून लहान उत्पादकांना द्यायचा. यात ग्राहकाला दाखवण्यासारखं काही नव्हतं. पाउचवर छापता येईल असं तर काहीच नाही. मी मात्र याच बाजूने होतो. एका लिटर दुधामागे जो हरितवायू जातो त्यातला बहुतांश गाईच्या पोटातून आणि चाऱ्यातून जातो. पाउच, टेम्पो, कूलर यांचा वाटा त्यापुढे लहान. अर्धपोटी गाय मिथेन सोडतेच, दूध मात्र निम्मं देते. ती चार वेतांऐवजी दोन वेतांत विकली गेली तर तिला वाढवण्यात गेलेला चारा आणि पाणीही वाया.

काय केलं

चाऱ्याचं काम पावसाळ्यानंतरचं होतं, दूध नासत होतं आज. म्हणून सुरुवात टेम्पोपासून झाली. एका पगाराचे दहा दिवस प्रत्येक कॅनवर खडूने वेळ लिहिली आणि कूलरवर उतरताना थर्मामीटर घातला. वहीत आकडे दिसले तेव्हा भाऊ स्वतःच गप्प झाले. टेम्पो पहिल्यांदा जवळच्या गावात थांबायचा, मग दूध घेऊन लांब जायचा, तोवर तिथले कॅनही वाट बघत उभे, आणि त्याच रस्त्याने परत यायचा. पावणेसहाला भरलेला कॅन पावणेनऊला कूलरवर पोचत होता, आणि त्यातलं दूध अजून 33 अंशांवर. स्वच्छ काढलेल्या ताज्या दुधाची जंतूंना रोखायची स्वतःची थोडी ताकद असते, पण उन्हाळ्यात ती दोनेक तासांत सरते. त्यानंतर अर्ध्या तासाला जंतू दुप्पट होतात.

उपाय कागदावर सोपा: टेम्पो रिकामा लांबच्या गावी जाऊ दे आणि येताना भरत येऊ दे. त्यासाठी लांबच्या गावांनी पाचला धारा काढाव्यात असं थोरल्या भावाने सुचवलं. तिथल्या बायकांनी ते उडवून लावलं. त्या खुरपणीच्या रोजावरून साडेपाचला घरी येतात. त्याआधी धार कोण काढणार? दुपारच्या बैठकीला फक्त पुरुष आले होते आणि त्यांनी माना डोलावल्या होत्या. पुन्हा संध्याकाळी, संकलन केंद्राच्या ओट्यावर, धार काढणाऱ्यांशीच बोलणं झालं. सव्वासहाला टेम्पो लांबच्या गावात, पावणेआठला कूलरवर, असं ठरलं आणि ते टिकलं.

दुसरी गोष्ट हौदाची. प्रत्येक केंद्रावर गुडघाभर उंचीचा सिमेंटचा हौद बांधला, विहिरीचं पाणी भरलं आणि टेम्पो येईपर्यंत कॅन त्यात उभे केले. पाणी कॅनच्या गळ्याच्या चार बोटं खाली राहिलं पाहिजे, नाहीतर झाकणातून आत जातं. मधून मधून स्वच्छ दांड्याने दूध हलवावं लागतं, तेव्हाच आतलं दूध निवतं. एवढ्याने दूध पाच-सहा अंशांनी उतरतं, म्हणजे कूलरचं जवळपास एक षष्ठांश काम पाणीच करतं. कोमट झालेलं पाणी गाईंच्या पिण्याच्या टाकीत सोडलं. मोठी गाय उन्हाळ्यात दिवसाला साठ ते शंभर लिटर पाणी पिते, त्यामुळे थेंबही वाया गेला नाही.

याच काळात धाकट्या भावाने एक सूचना ठामपणे फेटाळली, ती इथे नोंदवतो. एका संकलकाने नासायच्या बेतात आलेल्या दुधात चिमूटभर सोडा टाकायची तयारी दाखवली होती. सोड्याने आम्लता झाकली जाते, जंतू तसेच राहतात. तो कॅन त्या दिवशी परत गेला आणि संकलकाला पुन्हा तसं सुचवायचं नाही असं बजावलं गेलं.

मग मुरघास. अनुदानासाठी कानात बिल्ला मारलेल्या गाईंची यादी डेअरीकडे आयती तयार होती. कुणाकडे किती गाई, किती दुभत्या, हे पहिल्यांदाच एका जागी दिसलं. गाईला रोज 15 किलो धरला तर 90 दिवसांना 1,350 किलो. सगळ्या गाईंना पुरवायचं तर वीस लाखांच्या घरात भांडवल लागलं असतं. चार लाखांत साठ गाई बसत होत्या: साधारण 81 टन, म्हणजे पाणी असलेल्या पाच-सहा एकरांतला उभा मका. साठ कोणत्या? मोठ्या गोठेवाल्यांनी जास्त दूध घालतो म्हणून हक्क सांगितला. भावांनी लांबच्या दोन गावांतली, तीनपर्यंत गाई असलेली घरं निवडली. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत धाडसाचा निर्णय होता. मोठा गोठेवाला रागावून दुसऱ्या डेअरीला गेला असता तर एका फटक्यात शंभर लिटर गेले असते.

2024 चा पावसाळा सरासरीपेक्षा चांगला झाला. सप्टेंबरअखेर दाणा चिकात आल्यावर मका कापला, दोन सेंटिमीटरची कुट्टी केली, पिशव्यांत तुडवून हवा काढली, तोंडं बांधली. पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही. वाटप फेब्रुवारीत सुरू झालं आणि पैसे दहा दिवसांच्या पगारातून थोडे थोडे वळते झाले. कपात किती झाली हे लिहिलेलं वेगळं पुस्तक घरोघरी दिलं. पुस्तक बाईच्या नावावर.

मध्येच आलेलं संकट

2025 च्या मे महिन्यात अवेळी पाऊस कोसळला. 26 मेला मान्सून मुंबईत होता, आणि त्याच्या आधीच फलटण, बारामतीकडे ओढ्यांना पूर आले होते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोठ्या डेअरीने टँकर परत पाठवला: दुधात अफ्लाटॉक्सिन एम1 मर्यादेपेक्षा जास्त.

बुरशी लागलेला खुराक गाईच्या पोटात गेला की त्यातलं विष रूप बदलून दिवसभरात दुधात उतरतं. मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम, इतकी बारीक. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून घेतलेल्या 6,432 नमुन्यांपैकी 5.7 टक्क्यांत ते जास्त सापडलं होतं, म्हणजे भेसळीच्या बातम्यांपेक्षा हा दोष कितीतरी जास्त घरांत पोचतो. उकळून ते जात नाही.

परत आलेल्या दुधाचं काय करायचं, हा निर्णय तासाभरात घ्यायचा होता. पनीर करून टाकू, असं एकजण म्हणाला. तसं केलं असतं तर अनर्थ झाला असता. एम1 दुधातल्या केसिनला धरून बसतं, त्यामुळे पनीरमध्ये ते दुधापेक्षा दाट होतं. भावांनी दूध शेणखताच्या खड्ड्यात सोडलं. त्या पगाराला उत्पादकांच्या पैशाला हात लावला नाही, नुकसान डेअरीने सोसलं.

सगळ्यांचा पहिला संशय मुरघासावर. पिशव्या भिजल्या असतील, उंदरांनी कुरतडल्या असतील. लोकांनी मुरघास टाकायला सुरुवातही केली. पण सगळं दूध एका कूलरमध्ये एकत्र होत असल्याने कुठलं ते सांगता येत नव्हतं. मग केंद्रनिहाय नमुने काढून पट्टी-चाचणी केली. मुरघास खाणारी दोन गावं स्वच्छ निघाली. दोष निघाला डेअरीजवळच्या गावांत, आणि तिथून धागा पोचला डेअरीच्याच पेंडीच्या गोदामापर्यंत. मागच्या भिंतीला लावलेली सरकी पेंडीची पोती खालून ओली झाली होती. वरून कोरडी, आत हात घातला की गरम लागायची आणि हिरवट भुकटी बोटांना यायची. तीच पोती उचलीवर घरोघरी गेली होती.

दोन्ही भाऊ स्वतः टेम्पो घेऊन फिरले, राहिलेली पेंड परत आणली, उचल वजा केली. खुराक थांबल्यावर तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं, तसं झालं.

काय निष्पन्न झालं

नासून परत जाणारे कॅन 2025 च्या उन्हाळ्यात क्वचितच दिसले, आणि हे श्रेय मी बेधडक टेम्पोचा मार्ग आणि हौद यांना देतो, कारण फरक 2024 च्या मे महिन्यातच, कडक उन्हात दिसला होता. जनरेटर अजून आहे, पण कमी चालतो.

मुरघासाचं श्रेय मोजून द्यायला हवं. ज्या घरांना तो मिळाला त्यांचं एसएनएफ मार्च-एप्रिलच्या बहुतेक पगारांत 8.5 ला टिकलं आणि त्या दोन गावांतून दुभती गाय विकली गेल्याचं ऐकिवात आलं नाही. पण 2025 चा उन्हाळा मेमध्येच संपला. शिवाय आधीच्या पावसाळ्यामुळे कडबाही बरा होता. 2024 सारख्या वर्षात ही व्यवस्था टिकते का, हे अजून पाहायचं आहे. मोठा गोठेवाला गेला नाही. त्याने स्वतःच्या मक्याचा खड्डा केला.

वेगळं काय करता आलं असतं

गोदाम. चाऱ्याची, मार्गाची, विजेची सगळी साखळी तपासली गेली आणि डेअरीची स्वतःची पेंड कुणी तपासली नाही. विकणारे आपणच असल्यामुळे ती पुरवठ्याचा भाग आहे हे भावांच्या डोळ्यांसमोर आलं नाही. लाकडी फळ्यांवर थप्पी, भिंतीपासून हातभर अंतर, आधी आलेलं पोतं आधी बाहेर आणि मेअखेरीस साठा कमीत कमी, एवढं आधीच केलं असतं तर टँकर परत आला नसता. आता ते केलं जातं.

प्रत्येक केंद्राचा रोजचा नमुना दोन दिवस थंड ठेवायची पद्धतही पहिल्यापासून हवी होती. ती असती तर मुरघासावर आळ आला नसता आणि लोकांनी चांगला चारा उकिरड्यावर टाकला नसता.

बायकांशी बोलणं दुसऱ्या बैठकीपर्यंत लांबलं, त्यात आठवडाभर दूध नासलं. धार कोण काढतं हे या गावांत सगळ्यांना ठाऊक असतं, तरी निरोप पुरुषांनाच गेला.

मोठ्या डेअरीशी वाटाघाट झालीच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. स्वच्छ, वेळेत थंड केलेल्या दुधाला चार पैसे जास्त मागायला भावांकडे वही होती, कॅनवरच्या वेळा होत्या, तपमान होतं. ते पैसे आले असते तर पुढच्या वर्षी साठऐवजी शंभर गाईंना मुरघास पुरला असता. यंदाच्या करारात ते मागायचं ठरलं आहे. सोलरचं अंदाजपत्रकही पुन्हा मागवलंय, या वेळी बर्फाच्या टाकीसकट.